कूलरखाली घोटलेला मसाला

संपादकांनी लेख मागताना एकच अट घातली: दातांबद्दल लिहा, पण वाचणाऱ्याच्या हातची चकली खाली पडता कामा नये. आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावून पोट भरलेल्या बाईला ही अट जाचकच आहे. तरी प्रयत्न करते. चकली सावकाश चावा, आणि एखाद्या बाजूनं ठणकत असेल तर लेख संपल्यावर कोणाला तरी दाखवून घ्या.

अमरावतीच्या एका दंतमहाविद्यालयात मी रूट कॅनाल शिकवत असे. सकाळभर पेशंट, दुपारनंतर प्रयोगशाळा. प्रयोगशाळा म्हणजे जिन्याजवळची एक खोली, तिच्यात एक एसी, एक इन्क्युबेटर, आणि दारावर माझ्या हातची पाटी: चपला बाहेर, गप्पा बाहेर. त्या खोलीत मी माणसाच्या पेशी वाढवायचे. वाकडे दात सरळ करायला तार लावतात, तेव्हा जागा करण्यासाठी कधी कधी चांगल्या दाढाही काढाव्या लागतात. अशा दाढेच्या मुळाला एक पातळ पडदा चिकटलेला असतो. मुळाला हाडाशी बांधून ठेवणं हे त्याचं काम. पेशंटची परवानगी घेऊन मी तो खरवडायचे आणि बशीत, गुलाबी पोषक पाण्यात ठेवून द्यायचे. दाढ कचऱ्यात गेलेली असायची आणि तिच्या पेशी इकडे बशीभर पसरत असायच्या. त्यांचं पाणी वेळेवर बदलावं लागे. लक्ष्मीपूजन असो की घरी पाहुणे असोत, सुटी नाही. आमचे हे म्हणायचे, "पोरं आपोआप वाढली, लाड सगळे बशीतल्यांचे झाले." खोटं नव्हतं.

हा खटाटोप कशासाठी, तर मसाल्यासाठी. दाताची नस सडली की आम्ही ती काढून मुळातली नळी साफ करतो आणि रबरासारख्या गुलाबी काड्यांनी भरतो. काड्यांभोवती फटी राहतात. त्या बुजवायला जे सरसरीत सिमेंट लागतं त्याला आम्ही सीलर म्हणतो. पेशंट त्याला मसाला म्हणतात, आणि तोच शब्द मला आवडतो. हा मसाला मुळाच्या टोकाशी जिवंत हाडाला, जिवंत पेशींना जाऊन भिडतो. वर्षानुवर्षं तिथंच राहतो. तेव्हा ज्याला आपण कायमचं घर देतो, तो शेजाऱ्यांना जगू देतो की नाही, हे पाहायला नको? मी तेवढंच पाहत होते.

तपासायची पद्धत सोपी आहे. मसाल्याची टिकली करायची, पोषक पाण्यात भिजत ठेवायची आणि ते पाणी पेशींना पाजायचं. दुसऱ्या दिवशी एक पिवळं औषध घालायचं. पेशी जिवंत असतील तर त्या पिवळ्याचं जांभळं करतात. मेलेल्या असतील तर पिवळं पिवळंच राहतं. जांभळं म्हणजे जिवंत, एवढं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

सगळ्यात जुना आणि आमच्याकडे सगळ्यात चालणारा मसाला जस्ताच्या पांढऱ्या भुकटीत लवंगेच्या अर्काचं तेल घोटून होतो. यावरून अंजनगाव सुर्जीच्या एका आजीबाईंनी माझी चांगलीच खरडपट्टी काढली होती. पानमळ्यावाल्या घरच्या, तोंडात विडा, आणि दाढ इतकी सुजलेली की विडा दुसऱ्या गालात. घरी लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवून ठेवून हिरडी पांढरी फटक पडली होती. मी म्हटलं, आजी, हे तेल असं नुसतं लावू नका, त्यानं मांस जळतं, माझ्या बशीतल्या पेशी मरतात. आजी विडा थुंकून माझ्याकडे वळल्या.

"काहून वं पोरी? माह्या मायनं लावलं, माह्या आजीनं लावलं. देवाच्या विड्यात लवंग चालते अन् तुह्या बशीत मरते?"

"विड्यात एक असते आजी. तुम्ही अख्खी बाटली ओतली."

"मंग तसं सांग ना! मरते मरते कायले म्हणतं?"

आजींचं बरोबर होतं. कुठली गोष्ट किती आणि कशी, हाच तर सगळा प्रश्न असतो. पुढे वर्गात मी हे वाक्य आजींच्याच चालीत म्हणायचे आणि बाहेरून आलेले परीक्षक दचकायचे. त्यांना वाटायचं बाई भांडताहेत. आमच्या वऱ्हाडात साधं बोललं तरी पुणेकरांना भांडण ऐकू येतं, त्याला मी काय करू.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

ऐन लग्नसराईत, अकोला तव्यासारखं तापलेलं असताना मला वैभवचा फोन आला. वैभव माझा विद्यार्थी. हात चांगला, स्वभाव घाबरट. अकोल्यात त्याचा दवाखाना नुकता कुठे जम धरत होता. आवाजावरूनच कळलं की काही तरी बिनसलंय.

"मॅडम, काल एक खालची दाढ भरली. पेशंट आज सकाळी बाळापूरहून फोन करून राहिला. ओठ अजून झोपलेलाच आहे म्हणते."

खालच्या दाढेसाठी जे इंजेक्शन देतात त्यानं अर्धा ओठ बधिर होतो आणि दोन-चार तासांत जागा होतो. रात्र उलटली तरी जागा झाला नाही, म्हणजे गडबड. मी एक्स-रे मागवला. मुळाच्या टोकाखाली पांढरा थेंब दिसत होता. मसाला नळीतून खाली निसटला होता आणि खालच्या जबड्यातून ओठाकडे जाणारी नस ज्या बोगद्यातून जाते, त्यात उतरला होता.

"पेशंट काय करतो?" मी विचारलं.

वैभव हळूच म्हणाला, "बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात, मॅडम."

मी खुर्चीत नीट बसले. क्लॅरोनेटच्या तोंडाशी बांधलेली वेताची पट्टी खालच्या ओठावर टेकते. ओठानं ती दाबायची, सोडायची, तिथूनच सूर निघतो. ओठाला काही कळत नसेल तर ते वाद्य म्हणजे नुसती लाकडी नळी.

"आत्ताच्या आत्ता गाडीत घाल आणि इकडे घेऊन ये. अशा ठिकाणी जेवढा उशीर तेवढी नस मरते. आणि रडतोयस का? रडू नकोस, गाडी चालवायची आहे तुला."

युसूफभाई पहिल्यांदा दिसले ते असे: बारीक अंग, मेंदीनं तांबूस झालेली दाढी, एका हातानं ओठ चाचपताहेत आणि दुसऱ्या काखेत क्लॅरोनेटची पेटी. दातांच्या दवाखान्यात पेटी कशाला आणली, असं कोणी तरी विचारलं तर म्हणाले, "घरी ठेवली असती तं बायकोनं रडून रडून भिजवली असती." बाळापुरात त्यांच्या बँडशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नाही, असं वैभवनं वाटेत ऐकलं होतं. मी ओठाच्या डाव्या अर्ध्यावर टाचणीचं टोक टेकवलं. त्यांनी विचारलं, "कधी लावता?"

आमचे शस्त्रक्रियावाले डॉ. इंगोले यांनी स्पष्ट सांगितलं. दाढ काढावी लागेल, तिच्या जागेतून खाली जाऊन जमेल तेवढा मसाला काढतो, नस पुन्हा जागी होईल की नाही याची हमी देत नाही.

"दाढ गेली तं गेली," युसूफभाई म्हणाले. "मले ओठ वापस पायजे, साहेब. बाकी तुमी पाहा."

मसाला बराचसा निघाला. नसेवरून सूज उतरायला औषधं दिली. आणि मग वाट पाहणं आलं, ज्याच्यात डॉक्टर आणि पेशंट सारखेच बावळट असतात. त्या सराईत वरातीपुढे त्यांचा धाकटा भाऊ वाजवायचा आणि युसूफभाई बाजूनं खुळखुळा हलवत चालायचे. हे मला त्यांनीच सांगितलं, हसत. मला मात्र अजिबात हसू आलं नाही.

इकडे वैभवनं दवाखान्याला कुलूप लावलं होतं. पाटी उतरवतो म्हणत होता. मला रडक्या पोरांची दया येते, पण त्यापेक्षा राग लवकर येतो. मी बडनेऱ्याहून गाडी धरली आणि अकोल्याला त्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

"कुलूप काढ. त्या दिवशी केलं तसंच्या तसं मला करून दाखव."

बाहेर ऊन नुसतं भाजून काढत होतं. वैभवनं कूलर लावला, काचेची पट्टी पुसली, भुकटी आणि तेल घेतलं आणि घोटायला लागला. मी शिकवलं होतं तसंच, आधी. हा मसाला बरोबर झाला की नाही याची खूण तुमच्या घरच्या पाकासारखीच आहे. चमचा उचलला की तार यायला हवी. वैभवची तार आली. पण त्यानं काडी हातात घेईपर्यंत मसाला काचेवरच घट्ट होऊ लागला. त्यानं सवयीनं तेलाचे दोन थेंब आणखी घातले. घोटलं. पुन्हा एक थेंब. आता तार कुठली, चमच्यावरून मसाला कढीसारखा ओघळत होता.

"हे काय चाललंय?"

"मॅडम, उन्हाळ्यात असंच करावं लागते. नाहीतर काडी आत जाईपर्यंत दगड होते त्याचा. अकोल्यात सगळेच करतात."

मी कूलरकडे पाहिलं. खसाच्या ताट्यांतून ओलं वारं थेट त्या काचेवर येत होतं. मला एकदम लख्ख दिसलं. हा मसाला उष्णतेनं लवकर घट्ट होतो आणि ओलाव्यानं त्याहून लवकर. पुस्तकं लिहिणाऱ्यांच्या खोलीत एसी असतो, माझ्याही होता. गार, कोरडी हवा. तिथं मसाला निवांत राहतो. आमच्या वऱ्हाडात उन्हाळाभर प्रत्येक दवाखान्यात कूलर घरघरतो. पेशंटला बरं वाटावं म्हणूनच लावलेला. त्याच्यामुळे मसाला आवळतो, आवळतो म्हणून डॉक्टर पातळ करतो, पातळ केला म्हणून तो निसटतो, आणि निसटतो तो जास्तीचं तेल घेऊन. लवंगेचं तेल ओतणारा हात त्या आजीबाईंसारखाच. फक्त आता तो नसेच्या दारात पोचला होता.

"अकोल्यात सगळेच करतात ना?" मी म्हटलं. "मग सगळ्यांनाच दाखवू."

त्यानंतर मी जे काम केलं ते माझ्या नोकरीतलं सगळ्यात आवडतं काम आहे. मी कॉलेजला एक कूलर मागितला. प्रयोगशाळेत एसी असताना कूलर कशाला, यावर ऑफिसनं माझा इतका पिच्छा पुरवला की शेवटी घरचाच नेला. घरचे उकाड्यात बसले. शेजारच्या रिकाम्या वर्गात, पत्र्याच्या छपराखाली, कूलरसमोर बसून मी मसाला घोटला, अगदी अकोल्याच्या पद्धतीनं. पुस्तकातल्या प्रमाणात एसीत घोटलेला वेगळा. दुसऱ्या जातीचा, राळेचा, वेगळा. आणि नव्यानं आलेला, तयार सिरिंजमधून येणारा, चुनखडीच्या जातीचा एक वेगळा. सगळ्यांच्या टिकल्या, ओल्या आणि सुकलेल्या, आणि सगळ्यांचं पाणी माझ्या बशीतल्या मंडळींना.

पहिल्यांदा सगळंच पिवळं. आनंदानं हुरळणार तेवढ्यात कळलं की वीज गेली होती, इन्व्हर्टर झोपला होता आणि पेशी मसाल्याच्या आधीच गेल्या होत्या. दुसऱ्यांदा बशीला बुरशी लागली. माझ्या जागी दुसरी कोणी असती तर सोडून दिलं असतं, असं म्हणायचा मोह होतो, पण खरं सांगते, मीही एकदा दार लावून घरी आले होते. घरी पोचते तोच युसूफभाईंचा फोन आला. नस जागी होते आहे का, हे कळवायला मीच त्यांना दर आठवड्याला फोन करायला सांगितलं होतं.

"काही फरक?"

"नाई, डॉक्टरीणबाई. चहा पेलो तं या बाजूनं सांडते. गरम हाये का थंड हाये, समजूनच नाही राहिलं. तुमच्या पेशी कशा हायेत?"

"मेल्या."

"मंग नव्या लावा ना," ते म्हणाले. "मी काय थांबलो का?" रोज ते क्लॅरोनेट तोंडाला लावत होते. सूर निघत नव्हता, पण बोटं चालवत होते.

नव्या लावल्या. या वेळी दाराला कुलूप लावून किल्ली गळ्यात घातली. आणि निकाल आला. राळेचा मसाला ओला असताना वाईट, सुकल्यावर बराच निवळला. नीट घोटलेला लवंगेचा ओला असताना काही मवाळ नव्हता, सुकल्यावर निम्मा-शिम्मा जांभळा. नवा सिरिंजवाला सगळ्यांत जांभळा. आणि कूलरखालचा? ओलाही पिवळा, सुकलेलाही पिवळा. त्यात एवढं मोकळं तेल होतं की घट्ट झाल्यावरही ते झिरपतच राहिलं. एकही पेशी वाचली नव्हती. मी ती बशी उजेडात धरून कितीतरी वेळ उभी होते. मला एकाच वेळी वाईट वाटत होतं आणि नाचावंसंही वाटत होतं.

अकोल्याच्या दंतवैद्यांची सभा भरली. एका हॉलमध्ये, अर्थातच चार कूलर लावून. मी वैभवला शब्द दिला होता की त्याचं नाव निघणार नाही. युसूफभाई स्वतःहून आले, मागच्या रांगेत बसले. मी बशांचे फोटो दाखवले, तार कशी मोडते आणि मसाल्याची कढी कशी होते तेही सांगितलं. पुढच्या रांगेतले एक ज्येष्ठ डॉक्टर हात बांधून ऐकत होते. शेवटी उठले.

"मॅडम, कॉलेजले एसी, आमाले कूलर. तुमी बशीतल्या पेशी दाखवून राहिल्या, आमी माणसं पाहतो. माह्या हाताखालून एवढे गेले, एकाचा ओठ नाही झोपला."

टाळ्या पडल्या. मला राग आला, पण त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. बशी म्हणजे माणूस नव्हे. मी तेच म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून युसूफभाई चहाचा कप घेऊन पुढे आले. सगळ्यांसमोर त्यांनी एक घोट घेतला. डाव्या बाजूनं चहा ओघळून दाढीत गेला. त्यांना कळलं नाही. समोरच्यांचे चेहरे पाहून कळलं, तेव्हा रुमालानं पुसला.

"मी माणूस हावो साहेब," ते म्हणाले. "पाहा मले."

"कोणाचा पेशंट आहे हा?" ज्येष्ठांनी विचारलं.

युसूफभाईंनी नाव सांगितलं नाही. "डॉक्टर चांगला हाये," एवढंच म्हणाले.

भिंतीजवळ खुर्ची सरकली. वैभव उभा राहिला. रंग उडालेला होता, पण उभा राहिला. "माझा पेशंट आहे," तो म्हणाला. "तार मोडून तेल मी घातलं होतं."

त्या पोराला घाबरट म्हणणं मी त्या दिवसापासून बंद केलं. ज्येष्ठ डॉक्टर हळूच खाली बसले आणि शेजाऱ्याला, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "माहाही कढीच असते बाप्पा." मग एकेक जण बोलायला लागला. त्या दिवशी एवढंच ठरलं की मसाला घोटताना कूलर बंद, आणि तार मोडली तर तो मसाला फेकायचा, पातळ करायचा नाही. साधी गोष्ट. पण उन्हाळ्यातल्या अकोल्यात पेशंट खुर्चीवर असताना कूलर बंद करून दाखवा, मग बोलू.

पावसाळा उलटत आला तेव्हा एका दुपारी फोन आला. "डॉक्टरीणबाई, मुंग्या आल्या!" युसूफभाई ओरडत होते. "ओठात मुंग्या चालून राहिल्या!" मी खुर्चीवरून उठून खोलीत एक फेरी मारली. मुंग्या म्हणजे नस जागी होते आहे. पुढे हळूहळू चहा कळला, टाचणी कळली. ओठाच्या कडेला एक ठिपका अजून झोपलेला आहे. त्यांनी पट्टी जरा उजवीकडे धरायची सवय केली आणि पुन्हा वरातीपुढे आले.

मी निवृत्त झाले आणि माझ्या मागे ती खोली कोणी चालवली नाही. इन्क्युबेटरात आता कोऱ्या कागदांचे गठ्ठे ठेवतात असं ऐकते. फार वाईट वाटतं. पण मला जे पाहायचं होतं ते मी त्यानंतर पाहिलं.

दोन उन्हाळ्यांनी युसूफभाईंची उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली. म्हणजे ज्या बाजूनं ते आता वाजवत होते तीच. घरच्यांनी अमरावतीला जा म्हटलं, नागपूरला जा म्हटलं. ते वैभवकडेच गेले. "ज्यानं इतक्या लोकांत खरं सांगतलं, त्याच्याच हातून भरीन," असं म्हणाले. वैभवनं मला फोन केला, आणि मी पुन्हा गाडी धरली.

भर मे महिना. वैभवनं नवा सिरिंजवाला मसाला काढला. तो घोटायचाच नसतो, कूलरचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यानं तसं समजावून सांगितलं. युसूफभाईंनी उघडलेलं तोंड मिटलं.

"पहिले कूलर बंद."

"चाचा, हा तयार येतो, याले काही—"

"बंद."

कूलर बंद झाला. वैभवच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण हात हलला नाही. एक्स-रे घेतला. मसाला मुळाच्या टोकापाशी नीट थांबला होता. काम चोख होतं. तरी कोणीही उठेना. इंजेक्शनचा बधिरपणा उतरायची वाट पाहायची होती, आणि मागच्या वेळी तो उतरला नव्हता, हे तिघांनाही माहीत होतं. आता कूलर लावायला काहीच हरकत नव्हती. मी सांगू शकले असते. वैभवही लावू शकला असता. आम्ही तिघं तसेच भट्टीत बसून राहिलो. युसूफभाई बोटानं ओठावर टिचकी मारत होते, पेटी मांडीवर.

ऊन भिंतीवरून उतरलं. त्यांनी टिचकी मारायची थांबवली. ओठ दाताखाली धरला, सोडला. पुन्हा धरला. मग काही न बोलता पेटी उघडली, क्लॅरोनेट जोडलं, पट्टी ओठावर टेकवली. पहिला सूर फाटका निघाला. वैभवनं डोळे मिटले. युसूफभाईंनी ओठ ओला केला आणि पुन्हा फुंकलं. या वेळी सूर सरळ आला, लांब, कुठेही न हलता. माडीखालच्या रस्त्यावरचे लोक वर खिडकीकडे पाहायला लागले. तो संपला तेव्हा माझ्या गालावर घाम होता की काय होतं, मला सांगता येणार नाही.

युसूफभाईंनी क्लॅरोनेट खाली घेतलं आणि वैभवकडे वळले.

"लाव बाप्पा आता कूलर. गर्मीनं मरून राहिलो."